हसायचं कुणावर? स्नेहसंमेलनातल्या एका नाटुकल्याचा धडा



स्नेहसंमेलन जवळ आलं की प्रत्येक शाळेत एकच शोधाशोध सुरू होते. विनोदी नाटुकलं कुठलं घ्यायचं? नाच बसवणं सोपं असतं, गाणी मोबाइलवर मिळतात. पण सभागृह हसवायचं तर काहीतरी खमंग लागतं. मग बहुतेक वेळा आपल्या मदतीला एक ठरलेलं पात्र येतं: खेड्यातून शहरात आलेली, काही न समजणारी आजी किंवा गावठी काका. मीही तेच केलं होतं. त्यातून मी जे शिकले ते आज तुमच्यापुढे मांडते आहे, कारण विनोद हाही शिकवायचा विषय आहे हे मला फार उशिरा कळलं.

आमचं नाटुकलं होतं ‘आजी एटीएममध्ये’. सातवीच्या वर्गातली एक मुलगी आजी झाली होती. फार गुणी मुलगी. नऊवारी नेसून ती काचेच्या दारावर आपटते, मशीनला ‘अवं साहेब’ म्हणून हाक मारते, पैसे बाहेर आल्यावर मशीनला नमस्कार करते. आणि बोलते अस्सल आपल्याकडचं: ‘मी आलो, मी दमलो, मी हितंच बसलो.’ कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘आले, गेले’ न म्हणता ‘आलो, गेलो’ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेरगावच्या लोकांना याचं भारी हसू येतं. त्या दिवशी आमच्या सभागृहालाही आलं, आणि सभागृहातले निम्मे लोक घरी तसंच बोलणारे होते!

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीची खरी आजी मला भेटायला आली. पन्हाळा तालुक्यातल्या गावाहून नातीचं काम बघायला मुद्दाम आली होती. मला वाटलं, कौतुक करेल. तिनं केलंही. ‘पोरीनं माझी नक्कल झ्याक केली,’ म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘बाई, हसायलं बरं वाटलं. पण ते मशीन चालवायचं कसं, तेवढं शेवटाला दावलं असतं तर मीबी शिकून गेलो असतो.’

ती चिडली नव्हती. टोमणाही मारत नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. शिकवणं हे ज्यांचं काम, त्यांनीच एका बाईला न शिकवल्याबद्दल तिला हसून घेतलं होतं.

मग प्रश्न असा की साध्या माणसांवर विनोद करूच नये का? माझं पहिलं उत्तर ‘करूच नये’ असं होतं. विचार केल्यावर ते टिकलं नाही. का टिकलं नाही, ते आपल्याच मराठीतल्या उदाहरणांवरून बघू.

पहिलं उदाहरण थेट महात्मा फुल्यांचं. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ साली लिहिलं. त्यात एक जोशी एका अडाणी कुणब्याला आणि त्याच्या बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. नाटकात एक विदूषक आहे. तो मध्ये मध्ये बोलतो आणि जोशाचं ढोंग उघडं पाडतो. पण बारकाईनं बघा, फसणाऱ्या नवराबायकोचं भोळेपणही तो झाकून ठेवत नाही. म्हणजे फुल्यांनी गरीब माणसालाही विनोदातून सूट दिली नाही. मग फरक कुठं आहे? फरक शेवटात आहे. ती दोघं शेवटी शिकायचं ठरवतात, रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. तिसरं रत्न म्हणजे विद्या. ज्या अज्ञानावर नाटक बोट ठेवतं, त्यातून बाहेर पडायची वाटही तेच दाखवतं. पन्हाळ्याच्या आजीनं माझ्याकडं नेमकं हेच मागितलं होतं, आणि तिनं फुले वाचलेले नव्हते.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. शंकर पाटील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे, जन्म १९२६ चा. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले आणि शहरी श्रोत्यांना पोट धरून हसवलं. पाटलांची ‘धिंड’ आठवा. दारू प्यालेल्या माणसाची धिंड काढायला निघालेलं गाव त्यात आहे. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ घ्या. साध्याशा गोष्टीतून भुताची अफवा कशी फुगत जाते, ते त्यात आहे. या कथांमधली माणसं साधी, गावातली आहेत आणि त्यांची टिंगलही होते. पण टिंगल कशाची होते? पंचमंडळींच्या मोठेपणाची, ऐकीव गोष्ट तिखटमीठ लावून पुढं ढकलण्याची, दुसऱ्याची फजिती बघायला जमणाऱ्या गर्दीची. ही माणसांनी केलेली कामं आहेत. करू नयेत असं ठरवलं तर ती टाळता येतात. आज व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज न वाचता पंधरा जणांना पाठवणारे आपण ‘भुताचा जन्म’ ऐकताना स्वतःला ओळखू शकतो.

म्हणजे साधा माणूस चुकतच नाही असं मानणं हाही त्याचा एक प्रकारे अपमानच आहे. तो मत देतो, हुंडा घेतो, रांगेत घुसतो, अफवा पसरवतो. मोठ्या माणसाला जाब विचारतो तसा विनोदानं त्यालाही विचारला पाहिजे. नाहीतर आपण त्याला लहान मूल समजतोय असा अर्थ होतो.

पण इथंच एक अडचण येते. शंकर पाटलांच्याच जिल्ह्यातले, कागलचे आनंद यादव. त्यांचं ‘झोंबी’ १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतात राबणाऱ्या गरीब घरातला एक मुलगा शिकण्यासाठी बापाशी, भुकेशी, परिस्थितीशी कसा झोंबत राहतो, ते त्यात आहे. यादव ज्या ग्रामीण साहित्याच्या चळवळीत पुढं होते, त्या चळवळीत एक आक्षेप घेतला गेला: मराठी कथेत खेडं आलं खरं, पण ते बरेचदा गमतीपुरतंच आलं. गावाकडचा माणूस म्हणजे इरसाल, बेरकी नाहीतर बावळट. त्याचं कर्ज, त्याचा दुष्काळ, त्याच्या पोराची सुटलेली शाळा कुठं आहे?

मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. तो शंकर पाटलांच्या एखाद्या कथेवर आहे असं मी मानत नाही. पाटील आतले होते. त्यांना गावाचं दुःखही ठाऊक होतं आणि त्यांनी तेही लिहिलं आहे. आक्षेप आहे तो ढिगाविषयी. एका कथेत एक गावकरी बावळट असेल तर ती त्याची गोष्ट. शंभर कथांत, मालिकांत आणि रीलमध्ये प्रत्येक गावकरी बावळटच असेल, तर ती गावाची ओळख होऊन बसते. माझं नाटुकलं एकटं वाईट नव्हतं. ते त्या ढिगावर टाकलेलं आणखी एक होतं.

यावर कुणी म्हणेल, ‘आपल्या माणसानं आपल्या लोकांवर विनोद केला तर चालतो, बाहेरच्यानं केला तर नाही.’ हा नियम सोपा आहे, पण पुरेसा नाही. मी स्वतः कोल्हापूरची. घरी ‘मी जेवलो’ म्हणते आणि शाळेच्या गेटातून आत आले की ‘जेवले’ म्हणते. तरी माझं नाटुकलं चुकलंच की! उलट पु. ल. देशपांडे बेळगावच्या लोकांपैकी नव्हते. तिथल्या कॉलेजात शिकवायला गेलेले मुंबईकर होते. त्यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं. कानडी वळणाचं मराठी, तोंडात शिव्या, सगळं काही त्यात आहे. आपण खो खो हसतो. पण वाचून झाल्यावर रावसाहेब लहान झाले असं वाटतं का? उलट असा माणूस आपल्याला भेटायला हवा होता असं वाटतं. तसाच रत्नागिरीचा अंतू बर्वा. तो आपल्या विनोदाचा विषय कमी आणि विनोद करणाराच जास्त आहे. मोठमोठ्यांची टोपी तो ओसरीवर बसून उडवतो. पुलंनी त्याच्या तोंडी उत्तम वाक्यं दिली, हीच त्याला दिलेली इज्जत. आणि ‘बटाट्याची चाळ’मध्ये तर त्यांनी मध्यमवर्गाची, म्हणजे आपल्या वाचकांचीच फिरकी घेतली. पुस्तक १९५८ चं, पण चाळकरी अजून स्वतःला त्यात शोधतात आणि सापडल्यावर हसतात.

आता जरा लांब जाऊ. आपल्या मुलांच्या मोबाइलवर एक प्रकार हमखास असतो: अमेरिकेतल्या रस्त्यावर कुणीतरी माईक घेऊन उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला साधे प्रश्न विचारतो आहे. नकाशावर एखादा देश दाखवा, अमुक कोण होता सांगा. माणसं चुकतात, आपली मुलं हसतात: ‘बाई, अमेरिकन लोक किती मठ्ठ!’ हा प्रकार नवा नाही. जे लेनो हा टीव्हीवरचा विनोदकार आपल्या ‘द टुनाइट शो’मध्ये ‘जेवॉकिंग’ नावानं हेच करायचा. आता प्रश्न असा, की हे सामान्य अमेरिकनांवर केलेले विनोद रास्त आहेत का?

मी वर्गात हा प्रश्न गणितानं सोडवते. समजा तीस जणांना विचारलं आणि पंचवीस जणांनी बरोबर सांगितलं. चुकलेले पाच जण कार्यक्रमात दाखवले. बघणाऱ्याला काय वाटेल? शंभरातले शंभर मठ्ठ! कॅमेऱ्यानं खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त पंचवीस जण वगळले. मग मी मुलांना विचारते, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांची नावं कोण सांगतं? करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले इथपर्यंत गाडी सुसाट जाते. मग गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड राहून जातात. तुम्ही आत्ता मनात मोजायला लागला असाल! समजा त्या क्षणी तुमच्यापुढं माईक असता आणि तुमचा गोंधळलेला चेहरा पाच लाख लोकांनी बघितला असता, तर? हा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो.

अमेरिकेबद्दलचंच आणखी एक उदाहरण मोठ्यांसाठी, कारण सिनेमा मुलांना दाखवण्यासारखा नाही. ‘बोराट’ २००६ साली आला. साशा बॅरन कोहेन हा ब्रिटिश विनोदी नट कझाकस्तानचा खोटा पत्रकार बनून अमेरिकेत फिरतो आणि साध्या लोकांना बोलतं करतो. त्यात काही लोक त्याच्या घाणेरड्या, द्वेषाच्या बोलण्याला मान डोलावतात, स्वतःही तसंच बोलतात. त्यांना कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. फसवून बोलतं केलं ही तक्रार खरी, पण जे तोंडातून निघालं ते त्यांचंच होतं. त्यावरच्या हसण्यात मला समाजाला आरसा दाखवण्याचं काम दिसतं. पण त्याच सिनेमात बोराटचं गाव म्हणून जे दाखवलंय, ते चित्रण रुमानियातल्या ग्लोद नावाच्या गरीब खेड्यात झालं. आपल्याला नेमकं काय चाललंय ते सांगितलंच नव्हतं, अशी तिथल्या गावकऱ्यांची तक्रार होती. ते कोर्टातही गेले. त्यांच्यावर हसायचं कारण काय होतं? मोडकी घरं आणि चिखल. त्यांनी काही केलं नव्हतं. ते गरीब होते, बस्स. एकाच सिनेमात रास्त विनोदही आहे आणि अन्यायही आहे. म्हणून अख्ख्या कलाकृतीवर शिक्का मारण्याऐवजी प्रत्येक हशा वेगळा काढून तपासायला मुलांना शिकवावं, असं मला वाटतं.

मी स्वतःसाठी आणि वर्गासाठी चार प्रश्न ठरवले आहेत. फळ्यावर लिहिते, तसेच इथं देते.

१. हसू कशावर येतंय? माणसानं केलेल्या गोष्टीवर, की त्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टीवर? लबाडी, फुशारकी, आळस, द्वेष यांवर हसा. बोली, रंग, गरिबी, न मिळालेली शाळा यांवर नको.

२. ज्याच्यावर विनोद आहे तो पहिल्या रांगेत बसला असता, तर आपण हेच वाक्य म्हटलं असतं का?

३. त्या पात्राला उत्तर द्यायला एखादं चांगलं वाक्य आपण दिलंय का? की ते फक्त मार खायला उभं आहे?

४. आपण काय वगळलं? जे वगळलं ते दाखवलं असतं तर हसू तसंच राहिलं असतं का?

यातला तिसरा प्रश्न मुलांना सर्वात आवडतो, कारण तिथं लिहायला मिळतं. आपल्या तमाशाच्या वगातला सोंगाड्या आठवा. तो दिसायला येडागबाळा, पण राजाला आणि कोतवालाला शब्दात पकडणारा तोच. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आलं आणि दादा कोंडके घराघरांत पोचले, ते याच जोरावर. बोली गावरान, पण वार वर बसलेल्यावर. बोलीमुळे विनोद हलका होत नाही. ती बोली कुणाच्या बाजूनं बोलते, त्यावर सगळं ठरतं.

हा पाठ दोन तासिकांत होतो. पहिल्या तासिकेत एक विनोदी उतारा किंवा नाटुकलं वाचा. मुलांना जिथं जिथं हसू आलं तिथं पेन्सिलीनं खूण करायला सांगा. मग प्रत्येक खुणेला वरचे चार प्रश्न लावा. मुलांची मतं जुळणार नाहीत आणि जुळलीच पाहिजेत असंही नाही. आमच्या वर्गात एका मुलानं ठामपणे सांगितलं, ‘बाई, एवढा विचार केला तर हसूच येणार नाही.’ त्याचं म्हणणंही खरं आहे. म्हणून आधी मनसोक्त हसू द्या, तपासणी नंतर. दुसऱ्या तासिकेत गटांनी एक प्रसंग उलटा लिहायचा: ज्याच्यावर विनोद होता, त्याच्या नजरेतून. गटात चार-पाच मुलं पुरेत. शेवटी दोन्ही प्रसंग वाचून दाखवा आणि कुठल्या प्रसंगाला हसू जास्त आलं, ते हात वर करून मोजा.

आम्ही ‘आजी एटीएममध्ये’ असंच उलटं लिहिलं. आता आजी मशीनसमोर उभी आहे. मशीन इंग्रजीत बोलतंय, मागच्या रांगेतला टाय घातलेला साहेब घाई करतोय. आजी त्याला विचारते, ‘साहेब, म्हशीच्या दुधाला फॅट किती लागलं की दर किती पडतो, सांगा बघू?’ साहेब गप्प! आजीला डेअरीचा हिशेब तोंडपाठ. मग दोघं एकमेकांना शिकवतात. पुढं त्या साहेबाचंच कार्ड मशीनमध्ये अडकतं आणि सगळे हसतात. आजी नमस्कार मात्र मशीनला करतेच, ते आम्ही काढलं नाही. खऱ्या आजीनंच सांगितलं, ‘ते ऱ्हाऊ दे, ते खरं हाय.’ तिनं कुठलं हसू ठेवायचं ते स्वतः निवडलं, आणि मला वाटतं, विनोदातला न्याय बऱ्याच अंशी एवढाच असतो.

पालकहो, एक शब्द तुमच्यासाठी. मूल घरी भाजीवालीची, कामवाल्या मावशींची, गावाकडच्या काकांची नक्कल करतं तेव्हा त्याला एकदम रागावू नका. नक्कल करायला कान लागतो, निरीक्षण लागतं. फक्त नंतर एवढंच विचारा, ‘मावशींसमोर करशील का हे?’ ते ‘हो’ म्हणालं आणि मावशीही हसल्या तर उत्तमच. ते गप्प बसलं तर त्याला काय कळलं ते तुम्हाला कळेल. आणि आपणही तपासू या. टीव्हीवर एखादा गावरान माणूस चुकीचं इंग्रजी बोलला की सोफ्यावर पहिला हशा कुणाचा असतो? मूल तिथंच शिकतं.

शिक्षकांसाठी शेवटचं. ती सातवीतली मुलगी त्या नाटुकल्यानंतर काही दिवस वर्गात ‘मी आले, मी गेले’ असं अडखळत, जपून बोलत होती. सभागृह ज्या बोलीवर हसलं ती आपल्या घरची आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं. मला वाटत होतं तिचं मराठी सुधारतंय. खरं तर ती कमी बोलायला लागली होती. आता लिहिताना प्रमाण भाषेचं रूप वापरायचं हे मी शिकवतेच, परीक्षेला ते लागतं. पण तोंडी बोलताना मी मुलींचं ‘आलो’ दुरुस्त करणं सोडून दिलंय. परवा तीच मुलगी धापा टाकत दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, मी आलो, उशीर झाला.’ वर्गात एकही जण हसला नाही. मी म्हटलं, ‘ये, बस.’